युगीओ : ‘लाव्हा गोलेम’ या कार्डाचे आजचे नेमके मूल्य काय?

वडवानल (धागाकर्ता)

एका मित्राने गावी परतताना ‘युगीओ’ या कार्डखेळाचा आपला जुना संग्रह माझ्या स्वाधीन केला आणि त्यात ‘लाव्हा गोलेम’च्या तीन प्रती निघाल्या. त्या हातात घेतल्यावर मला जाणवले की या कार्डाविषयी आपल्याकडे दोन टोकाची मते आहेत. जुने खेळाडू त्याला प्रतिस्पर्ध्याला हळूहळू जाळणारे कार्ड समजतात, तर नवे खेळाडू त्याला कालबाह्य ठरवून बाजूला ठेवतात. माझ्या मते दोघेही कार्डाची चुकीची ओळ वाचतात.

ज्यांनी कार्ड पाहिलेले नाही त्यांच्यासाठी मजकूर मराठीत मांडतो. अग्नी गुणधर्म, आठवी पातळी, फीन्ड प्रकार, हल्ला ३००० आणि बचाव २५००. हे कार्ड नेहमीच्या पद्धतीने समन करता, म्हणजे मैदानावर उतरवता, येत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या बाजूचे दोन मॉन्स्टर (लढणारी कार्डे) ट्रिब्यूट करून, म्हणजे त्यांचा बळी देऊन, ते आपल्या हातातून थेट प्रतिस्पर्ध्याच्याच मैदानावर उतरवायचे असते. ज्या पाळीत ते उतरवले त्या पाळीत आपल्याला नॉर्मल समन (पाळीतील नेहमीचे समन) किंवा सेट (कार्ड पालथे ठेवणे) करता येत नाही. त्यानंतर ज्याच्या ताब्यात गोलेम असेल, त्याला त्याच्या प्रत्येक स्टँडबाय फेजमध्ये, म्हणजे पाळीच्या सुरुवातीच्या टप्प्यात, १००० लाइफ पॉइंटचे (खेळाडूच्या प्राणांकांचे) नुकसान सोसावे लागते.

इंग्रजी आवृत्तीत हे कार्ड २००३ मध्ये आले, आणि त्या काळात सगळ्यांचे लक्ष शेवटच्या वाक्यावर जाणे स्वाभाविक होते. दर पाळीला हजार पॉइंट आपोआप जाळणारे कार्ड आणखी कुठे मिळणार? त्याच्या जोडीला ‘ग्रॅव्हिटी बाइंड’ लावले की चौथ्या किंवा त्यावरच्या पातळीचे मॉन्स्टर हल्ला करू शकत नसत. ‘मेसेंजर ऑफ पीस’ लावले की १५०० किंवा त्याहून अधिक हल्ल्याचे मॉन्स्टर जागच्या जागी बसत. गोलेम दोन्ही कुंपणांत अडकतो. अशा रीतीने प्रतिस्पर्ध्याच्या पदरात विस्तव बांधून द्यायचा आणि आपण शांत बसायचे, हा त्या डेकचा (खेळायच्या कार्डांच्या गड्डीचा) सारा विचार होता.

परंतु कुंपण काढून घेतले तर हिशेब काय सांगतो ते पाहा. प्रतिस्पर्ध्याचे सुरुवातीचे ८००० पॉइंट एकट्या गोलेमने जाळायचे असतील, तर त्याच्या आठ पाळ्या लागतात. त्याच गोलेमने तो माझ्यावर प्रत्येक पाळीत ३००० चा थेट हल्ला करू लागला, तर मी तीन हल्ल्यांत संपतो. जाळण्याच्या शर्यतीत हे कार्ड माझ्याच विरुद्ध तिपटीने धावते. म्हणून ‘दर पाळीला १००० नुकसान’ हे या कार्डाचे बलस्थान नव्हे; प्रतिस्पर्ध्याला आपण जे ३००० हल्ल्याचे शरीर भेट देतो, त्याची ती अंशतः भरपाई आहे.

खरे बलस्थान दोन मॉन्स्टरचा बळी देण्याच्या वाक्यात आहे. ते दोन मॉन्स्टर कोणत्याही इफेक्टने नष्ट होत नाहीत. ते समन करण्याची किंमत म्हणून दिले जातात, आणि ती किंमत प्रतिस्पर्ध्याच्या खिशातून जाते. त्यामुळे ‘नष्ट करता येत नाही’, ‘लक्ष्य करता येत नाही’, ‘इतर कार्डांच्या इफेक्टचा परिणाम होत नाही’ अशा ज्या तटबंद्या आजचे बॉस मॉन्स्टर (डेकचे सर्वांत बलाढ्य मॉन्स्टर) उभारून बसतात, त्यांपैकी एकही इथे उपयोगी पडत नाही. ‘रेडरॅप्टर – अल्टिमेट फाल्कन’ हे ३५०० हल्ल्याचे कार्ड इतर कोणत्याही कार्डाच्या इफेक्टला दाद देत नाही. पण गोलेमच्या पायरीवर त्याचाही बळी देता येतो.

मी या कार्डाला साइड डेकसाठी (दोन डावांच्या मध्ये बदलायच्या राखीव कार्डांसाठी) दहापैकी साडेसात गुण देईन आणि मुख्य डेकसाठी चार. आपापले मत कारणांसह मांडावे.

नियमपत्र

विश्लेषणाची दिशा मला पटली. नियमांच्या बाजूने काही गोष्टी नोंदवतो, कारण या कार्डाचे निम्मे मूल्य नियमांच्या बारकाव्यात दडलेले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे गोलेम उतरवणे ही ‘सक्रिय करण्याची’ क्रिया नाही. त्याने साखळी, म्हणजे कार्डाला कार्डाने उत्तर देण्याची मालिका, सुरू होत नाही. समजा, समोर ‘बरोन द फ्लर’ आणि ‘अपोलूसा’ या दोन बॉस मॉन्स्टर उभ्या आहेत. मी समोरचे सर्व मॉन्स्टर नष्ट करणारे ‘रायगेकी’ खेळलो तर बरोन ते सक्रिय होतानाच रद्द करून नष्ट करील. मी हातातील एखाद्या मॉन्स्टरचा इफेक्ट वापरला तर अपोलूसा तो रद्द करील. गोलेमच्या वेळी या दोघींना बोलण्याची संधीच मिळत नाही, कारण रद्द करण्यासारखी सक्रियता तिथे घडतच नाही. दोघी ट्रिब्यूट होऊन ग्रेव्हयार्डमध्ये (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात) जातात.

दुसरी गोष्ट. समनच रद्द करणारी कार्डे, उदाहरणार्थ ‘सोलेम जजमेंट’ किंवा ‘सोलेम स्ट्राइक’, गोलेमला अडवू शकतात. मात्र ट्रिब्यूट ही किंमत असल्याने समन रद्द झाले तरी ते दोन मॉन्स्टर परत येत नाहीत. प्रतिस्पर्ध्याने जजमेंटसाठी आपले निम्मे लाइफ पॉइंट भरले, त्याचे दोन बॉस गेले आणि त्याच्या मैदानावर गोलेमही आला नाही. असे घडले तर मी त्याचे आभार मानीन.

तिसरी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. कार्डावर उतरण्याची स्थिती सांगितलेली नाही, त्यामुळे गोलेम हल्ल्याच्या स्थितीत ठेवायचा की बचावाच्या, हे उतरवणारा ठरवतो. अशाच रीतीने प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर उतरणाऱ्या कैजू मालिकेतील कार्डांवर मात्र ‘हल्ल्याच्या स्थितीत’ असे स्पष्ट लिहिलेले असते. माझ्याकडे त्याच पाळीत २६०० किंवा २८०० हल्ल्याचा मॉन्स्टर येणार असेल, तर मी गोलेमला बचावात उतरवतो आणि २५०० ची भिंत फोडतो. ३२०० चा मॉन्स्टर येणार असेल, तर त्याला हल्ल्यात उभा करतो, म्हणजे वरचा फरक लाइफ पॉइंटमधून वजा होतो. मैदानावर पालथे ठेवलेले मॉन्स्टर आणि टोकनही (इफेक्टने तयार होणारे, कार्ड नसलेले मॉन्स्टर) ट्रिब्यूट म्हणून चालतात.

चौथी गोष्ट म्हणजे गोलेमचा मूळ मालक मीच असतो. तो नष्ट झाला तर माझ्या ग्रेव्हयार्डमध्ये येतो आणि हातात परत पाठवला गेला तर माझ्या हातात येतो. एकदा योग्य रीतीने समन झालेला गोलेम पुढे ‘मॉन्स्टर रीबॉर्न’ने पुन्हा उठवता येतो, त्यामुळे तो दोन्ही बाजूंना उपयोगी पडू शकतो, हेही विसरू नये.

नवखा_खेळाडू

आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिले त्याबद्दल आभारी आहे. मला एक प्राथमिक शंका आहे. नॉर्मल समन करता येत नाही ही अट फक्त गोलेम उतरवल्यानंतर लागू होते का? म्हणजे आधी नॉर्मल समन करून, त्यातून काही कार्डे मिळवून, मग शेवटी गोलेम उतरवता येईल का? मी ‘स्नेक-आय’ हा डेक खेळतो, आणि त्यात ‘स्नेक-आय अ‍ॅश’चे नॉर्मल समन मिळाले नाही तर माझी पाळी बरेचदा सुरूच होत नाही.

वडवानल

तसे करता येत नाही. अट संपूर्ण पाळीला लागू आहे, त्यामुळे त्या पाळीत नॉर्मल समन आधीच झाले असेल तर गोलेम उतरवताच येत नाही. म्हणून आपला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण गोलेमची खरी किंमत हीच आहे. हातातील कार्डांची मोजणी केली तर माझे एक कार्ड खर्ची पडते, प्रतिस्पर्ध्याचे दोन जातात आणि त्याला एक मिळते. म्हणजे मोजणी बरोबरीत सुटते. त्या बरोबरीच्या व्यवहारावर मला वर नॉर्मल समन मोजावे लागते. ज्या डेकचा श्वास एका नॉर्मल समनवर चालतो, त्याने हे कार्ड हाती धरू नये. अ‍ॅशला विशेष समन करण्याचा दुसरा मार्ग त्याच हातात असेल तर गोष्ट वेगळी. पण त्या योगायोगावर साइड डेकच्या जागा देणे मला परवडणारे वाटत नाही.

याउलट ‘स्काय स्ट्रायकर’ हा डेक पाहा. त्यांची स्पेल कार्डे आपल्या मुख्य मॉन्स्टर क्षेत्रात कोणी नसतानाच चालतात, आणि गोलेम प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला उतरत असल्याने ती अट अबाधित राहते. ‘हॉर्नेट ड्रोन्स’मधून टोकन मिळते, त्यामुळे नॉर्मल समनची गरज पडत नाही. ग्रेव्हयार्डमध्ये तीन स्पेल असतील तर ‘विडो अँकर’ने गोलेमचाच ताबा पाळी संपेपर्यंत घेऊन ३००० चा हल्ला करता येतो. ज्या शरीराची आपल्याला भीती वाटते, तेच आपले शस्त्र होते.

उत्तररात्र

मी नाशिकला राहतो आणि माझा बहुतेक खेळ ‘मास्टर ड्युएल’वर होतो, त्यामुळे मला धागाकर्त्यांच्या गुणांकनातील विभागणीविषयी बोलायचे आहे. २०२२ मध्ये आलेल्या या डिजिटल आवृत्तीत मानांकनाचे सामने एकाच डावाचे असतात. साइड डेक नावाची सोयच तिथे मिळत नाही. म्हणजे साडेसात गुण ज्या जागेसाठी दिले, ती जागा माझ्यासाठी अस्तित्वात नाही आणि माझ्यापुढे फक्त चार गुणांचे कार्ड उरते.

मी गोलेमच्या दोन प्रती मुख्य डेकमध्ये ठेवून बरेच दिवस खेळलो. अनुभव असा की पहिली पाळी माझी आली की ते कार्ड हातात धोंड्यासारखे पडून राहते. समोर कोणी नसते, त्यामुळे ट्रिब्यूट करायला काही नसते. दुसरी पाळी आली तरी प्रतिस्पर्ध्याने एकच भक्कम मॉन्स्टर आणि मागे चार सेट कार्डे ठेवली असतील, तर पुन्हा गोलेम निरुपयोगी ठरतो. दोन मॉन्स्टरची अट सहज पुरी होईल असे वाटते, पण सापळ्यांवर भर देणाऱ्या डेकसमोर ती अनेकदा पुरी होत नाही.

म्हणून मी कैजूकडे वळलो. अग्निगुणाचेच हवे असेल तर ‘डोगोरान, द मॅड फ्लेम कैजू’ आहे. त्याचाही हल्ला ३००० आहे, पण बचाव केवळ १२००. त्याला प्रतिस्पर्ध्याचा एकच मॉन्स्टर पुरतो आणि माझे नॉर्मल समन शाबूत राहते. केवळ आगीच्या आवडीपोटी डोगोरान निवडू नये, हेही प्रामाणिकपणे सांगतो, कारण ‘गेमसील’ या समुद्री कासवाचा हल्ला २२०० असल्याने त्याला पाडणे फार सोपे जाते. प्रतिस्पर्ध्याला शरीर द्यायचेच असेल तर दुबळे द्यावे, हे तत्त्व गोलेमलाही लागू आहे आणि त्या कसोटीवर गोलेम मागे पडतो.

टेम्सकाठ

मी लंडनला असतो आणि दुकानांतील छोट्या स्पर्धांत प्रत्यक्ष कार्डांनी खेळतो. तिथे तीन डावांचा सामना असतो, त्यामुळे धागाकर्त्यांची विभागणी मला योग्य वाटते. परंतु गोलेमच्या एका दोषावर अजून कोणी बोललेले नाही, आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो.

आपण गोलेमकडे ‘३००० हल्ला’ म्हणून पाहतो. समोरचा खेळाडू त्याच्याकडे ‘फुकट मिळालेले साहित्य’ म्हणून पाहतो. हा बदल कसा झाला ते क्रमाने पाहिले पाहिजे. २००३ मध्ये आपल्या मैदानावर बसलेल्या नकोशा गोलेमला घालवण्याचे मार्ग थोडे होते. ट्रिब्यूट समनसाठी त्याचा वापर करणे हा त्यांतला एक. पुढे मैदानावरचे मॉन्स्टर साहित्य म्हणून वापरून उतरवायचे नवे प्रकार आले : २००८ मध्ये सिंक्रो, २०११ मध्ये एक्सीझ आणि २०१७ मध्ये लिंक. प्रत्येक टप्प्याबरोबर मैदानावरच्या कोणत्याही शरीराचे दुसऱ्या कशात तरी रूपांतर करणे सोपे होत गेले. गोलेमचा मजकूर बदलला नाही, पण तो ज्या घरात जाऊन बसतो त्या घराला नवीन दरवाजे फुटले.

मला हे एका सामन्यात फार महागात पडले. समोर ‘सॅलामँग्रेट’ डेक होता. मी त्याचे दोन लिंक मॉन्स्टर ट्रिब्यूट करून गोलेम उतरवला, मात्र त्याच पाळीत त्याला पाडू शकलो नाही. ‘सॅलामँग्रेट सनलाइट वुल्फ’ला साहित्य म्हणून दोन अग्निगुणी इफेक्ट मॉन्स्टर लागतात. मी त्यातला एक स्वतःच्या हाताने पुरवला होता. त्याने स्टँडबाय फेजमध्ये १००० पॉइंट सोसले, एक छोटा मॉन्स्टर उतरवला, गोलेमसह त्याचा वुल्फ केला आणि हरवलेले सर्व काही ग्रेव्हयार्डमधून गोळा करत पुन्हा उभा राहिला. दोन बॉस घालवल्याचे समाधान मला जेमतेम अर्धी पाळी लाभले. मी आगीतून निघून फुफाट्यात पडलो होतो.

सिंक्रो डेकसमोरही सावध राहावे. गोलेम आठव्या पातळीचा आहे. दुसऱ्या पातळीचा एक ट्यूनर (सिंक्रोसाठी लागणारा खास मॉन्स्टर) जोडला की दहावी पातळी होते, आणि ज्या स्पर्धायादीत बरोनला परवानगी असेल तिथे वर नियमपत्र यांनी जिचा बळी दिला तीच बरोन, दुसरी प्रत असल्यास, परत येते.

माझा निष्कर्ष असा की अग्निगुणी डेकसमोर गोलेम साइड डेकमधून खेळात आणू नये आणि इतरांसमोर तो आणायचा असेल तर त्याच पाळीत त्याला हटवण्याची तजवीज हातात असावी.

पाटीपेन्सिल

थोडे गणित मांडतो, म्हणजे ‘हातात येतो’ आणि ‘येत नाही’ यांवरची चर्चा अंदाजावर राहणार नाही.

डेक ४० कार्डांचा आणि गोलेमच्या प्रती तीन असे धरू. दुसऱ्या पाळीने सुरुवात करणारा खेळाडू पहिल्या ओढीसह सहा कार्डे पाहतो. त्यांत किमान एक गोलेम असण्याची शक्यता सुमारे ३९.४ टक्के आहे. प्रती दोन ठेवल्या तर ती सुमारे २८.१ टक्के होते. तीन प्रतींमध्ये सहा कार्डांत दोन किंवा तीन गोलेम एकदम येण्याची शक्यता सुमारे ५.४ टक्के आहे, म्हणजे अडकून पडण्याची भीती फारशी नाही. शिवाय ‘पाळीत एकदाच’ अशी अट कार्डावर नसल्याने दुसरा गोलेम पहिल्या गोलेमचा आणि आणखी एका मॉन्स्टरचा बळी देऊन उतरवता येतो. समोर तीन बॉस असतील तर दोन गोलेम मिळून तिन्ही घालवतात. दोन कार्डांचा खर्च मोठा आहे, पण तो पर्याय ठाऊक असावा.

उत्तररात्र यांची अडचण आकड्यांतही दिसते. पहिली पाळी आपली असेल तर पाच कार्डे मिळतात आणि तीन प्रती ठेवल्यास किमान एक निरुपयोगी गोलेम हातात येण्याची शक्यता सुमारे ३३.८ टक्के असते. जवळपास दर तिसऱ्या डावाला आपण पाचऐवजी चार कार्डांनी खेळणार. एका डावाच्या सामन्यात हा तोटा भरून काढायला जागा नाही. तीन डावांच्या सामन्यात आधीचा डाव हरलेला खेळाडू पुढच्या डावात पहिली पाळी कोणाची ते ठरवतो आणि तो बहुधा स्वतःकडे घेतो. म्हणजे पहिला डाव जिंकल्यावर दुसऱ्या डावात आपण मागून खेळणार हे जवळजवळ ठरलेले असते, आणि नेमक्या त्या वेळी गोलेम आत आणता येतो. या कार्डाचे मूल्य खेळाच्या प्रकारावर इतके अवलंबून असेल तर एकच गुणांकन देणे मला शास्त्रशुद्ध वाटत नाही.

कोकणकडा

मी जुन्या जळीत डेकच्या बाजूने बोलणार आहे, कारण माझे या खेळावरचे प्रेम त्याच डेकने सुरू झाले. धागाकर्त्यांनी १००० च्या नुकसानाला ‘भरपाई’ म्हटले ते एकट्या गोलेमपुरते बरोबर आहे, पण गोलेम त्या डेकमध्ये एकटा कधीच नसे. ‘नाइटमेअर व्हील’ एका मॉन्स्टरला जखडून माझ्या प्रत्येक स्टँडबाय फेजला ५०० पॉइंट घेई. म्हणजे गोलेमलाच चाकावर चढवले की तो हल्ला करू शकत नसे आणि दोन्ही खेळाडूंची एकेक पाळी फिरून येईपर्यंत समोरचा १५०० पॉइंट गमावत असे. आठ पाळ्यांचा हिशेब सहा फेऱ्यांवर येई. मैदानावर दोन गोलेम बसले तर चार पाळ्यांत खेळ संपे.

‘ओनर्स सील’चाही उल्लेख व्हायला हवा. हे स्पेल कार्ड मैदानावरील सर्व मॉन्स्टर त्यांच्या मूळ मालकांकडे परत पाठवते. समोर नेमके दोनच मॉन्स्टर असतील तर गोलेमने ते दोन्ही जातात, सीलने गोलेम माझ्याकडे परत येतो, समोरचे मैदान मोकळे होते आणि ३००० चा थेट हल्ला होतो. नॉर्मल समन गेल्याचे त्या पाळीत दुःख वाटत नसे.

परंतु टेम्सकाठ यांचे म्हणणे मला मान्य करावे लागते, आणि त्यात मी एक कारण जोडतो. आमचे कुंपण पातळीच्या खांबांवर उभे होते. ‘ग्रॅव्हिटी बाइंड’ आणि ‘लेव्हल लिमिट – एरिया बी’ दोन्ही चौथी पातळी मोजतात. एक्सीझ मॉन्स्टरना पातळी नसते, रँक असतो. लिंक मॉन्स्टरना तर तेही नसते. त्यामुळे समोरच्याने गोलेमचे लिंकमध्ये रूपांतर केले की तो एकाच पावलात आमच्या आगीतूनही सुटतो आणि कुंपणाबाहेरही पडतो. ‘मेसेंजर ऑफ पीस’ हल्ल्याचा आकडा मोजत असल्याने अजून तग धरते, मात्र ते टिकवण्यासाठी मला माझ्या प्रत्येक स्टँडबाय फेजला १०० पॉइंट भरावे लागतात. जळीत डेकमधील गोलेमला आज मी प्रेमापोटी ठेवीन, स्पर्धेत नेणार नाही. घरी मित्रांबरोबर जुन्या कार्डांचा ठराव करून खेळायचे असेल, तर मात्र त्या ठरावात गोलेमइतका आनंद देणारे दुसरे अग्निकार्ड मला माहीत नाही.

नियमपत्र

कोकणकडा यांच्या प्रतिसादाला पूरक म्हणून आणखी एक तुलना. अग्निगुणाचीच ‘व्होल्कॅनिक क्वीन’ही प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर उतरते. ती सहाव्या पातळीची, २५०० हल्ल्याची आणि १२०० बचावाची आहे. तिला एकाच मॉन्स्टरचा बळी पुरतो. ती ज्याच्या ताब्यात असेल त्याला आपल्या पाळीच्या शेवटी दुसरा मॉन्स्टर ट्रिब्यूट करावा लागतो, नाहीतर १००० चे नुकसान सोसावे लागते. शिवाय पाळीतून एकदा एक कार्ड ग्रेव्हयार्डमध्ये टाकून तो आपल्यालाच ५०० चा चटका देऊ शकतो. तिनेही आपले नॉर्मल समन जाते, त्यामुळे कैजू उपलब्ध असताना तिची बाजू गोलेमपेक्षाही दुबळी ठरते. गोलेमकडे किमान ‘दोन घेतो’ हे वेगळेपण आहे. तीन घेणारे कार्ड हवे असेल तर ‘विंग्ड ड्रॅगन ऑफ रा – स्फिअर मोड’ आहे. त्यातही नॉर्मल समन खर्ची पडते, पण तो गोल हल्ला करू शकत नाही आणि पुढच्या पाळीच्या अखेरीस आपल्याकडे परत येतो. समोर नेहमी तीन किंवा अधिक मॉन्स्टर असतील तर स्फिअर मोड, नेहमी एकच असेल तर कैजू. या दोहोंच्या मधली चिंचोळी जागा गोलेमची आहे.

नवखा_खेळाडू

म्हणजे मी माझ्या डेकमध्ये गेमसील ठेवावा, हे आता स्पष्ट झाले. एक शेवटचा प्रश्न विचारतो. मी ‘निबिरू’ आधीच खेळतो. तोही मैदान साफ करतो. मग गोलेमची उणीव मला भासेल का?

वडवानल

निबिरू प्रतिस्पर्ध्याच्या पाळीत, त्याने पाच समन केल्यावर, हातातून वापरता येतो, आणि ती सोय गोलेमकडे मुळीच नाही. परंतु निबिरू हा सक्रिय होणारा इफेक्ट आहे. अपोलूसा आधी उभी राहिली असेल तर ती त्याला रद्द करते, आणि इफेक्टचा परिणाम न होणारे मॉन्स्टर त्यातून सुटतात. गोलेम नेमका त्याच्या पलीकडे उपयोगी पडतो. आपल्या डेकचे नॉर्मल समन पाहता गेमसील हाच योग्य निर्णय आहे.

या चर्चेनंतर मी माझे गुणांकन बदलतो. टेम्सकाठ यांनी दाखवलेला दोष मी कमी लेखला होता. समोरच्याला अग्निगुणी साहित्य मिळते ही गोष्ट मी केवळ अपवाद मानत होतो. पण अग्निगुणी डेक प्रचलित असतील तेव्हा तो अपवाद राहत नाही. पाटीपेन्सिल यांचे म्हणणेही मान्य करून एकाऐवजी तीन आकडे देतो. एका डावाच्या डिजिटल सामन्यात मुख्य डेकसाठी तीन गुण. तीन डावांच्या सामन्यात, नॉर्मल समनवर न जगणाऱ्या डेकच्या साइड डेकसाठी सात. नॉर्मल समनवर जगणाऱ्या डेकसाठी शून्य, आणि हे शून्य मी विचारपूर्वक देतो.

माझ्या तीन प्रतींपैकी दोन मी स्काय स्ट्रायकरच्या साइड डेकमध्ये ‘विडो अँकर’च्या जोडीला ठेवल्या आहेत. तिसरी कोकणकडा यांच्या जुन्या ठरावासाठी राखून ठेवतो. ‘नाइटमेअर व्हील’ आणि ‘ओनर्स सील’ माझ्याकडे नाहीत. कोणाकडे जादा प्रती असतील तर निरोप पाठवावा, बदल्यात ‘ग्रॅव्हिटी बाइंड’ देऊ शकेन.